बोर्डाखाली ओल मरत नाही

घराचं काम काढलं की हा सल्ला हमखास येतो: "ओलीच्या भिंतीवर आतून इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणारा, बोर्ड मारा, वर गिलावा करा, ओल कायमची गेली." विश्वास बसतो, कारण पहिले काही महिने भिंत खरंच कोरडी, गुळगुळीत दिसते.

पण बोर्ड पाण्याची वाट अडवत नाही, फक्त झाकतो. पाणी बाहेरच्या भेगेतून, बाथरूमच्या पाइपातून किंवा घराच्या पायातून वर चढत येतं. ते येतच राहतं. आता मात्र त्याला खोलीकडे वाळायला जागा उरत नाही. मागे बुरशी वाढते. बोर्ड जिप्समचा असेल तर तो भिजून मऊ पडतो आणि वरचा थर सुटतो. थर्माकोलसारखा बोर्ड कुजत नाही, पण त्यामागची भिंत ओलीच राहते.

बोर्ड मारण्याआधी घरीच तपासा. दोन फूट लांब-रुंद, जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतल्या दमटपणाची. ही तपासणी पावसाळ्यात करावी, उन्हाळ्यात भिंत फसवते. पांढरी पूड दिसली तर थोडं पाणी लावा: विरघळली तर लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, नाही तर बहुधा बुरशी.

आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या. मग बोर्ड लावा, सांध्यांवर जाळीची टेप द्या आणि वर बोर्डाला चालणाराच पातळ गिलावा करा. उष्णता अडवण्याचं काम बोर्ड चोख करतो.