कॉर्नालँचे आईबाप कोण?

आल्प्समधल्या द्राक्षमळ्यांबद्दल काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या वाक्यात रोमन सैनिक येतातच. ‘ही वेल रोमनांनी आणली’, ‘हा वाण दोन हजार वर्षं जसाच्या तसा आहे’, ‘ही इथली अस्सल जात, कशातही न मिसळलेली’. बाटलीवरच्या चिठ्ठीपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकापर्यंत हीच कथा. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांताबाबत ती जरा जास्तच ऐकू येते, कारण तिथे खरोखरच जगात इतरत्र सहसा न दिसणारे वाण आहेत. कॉर्नालँ हे लाल द्राक्ष त्यांतलंच. पण आज मळ्यात उभी असलेली वेल कोणाची कोण लागते, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डीएनए सांगू लागला आहे. त्याने सांगितलेली हकिगत मला त्या रोमन कथेपेक्षा कितीतरी देखणी वाटते.

व्हाले म्हणजे ऱ्होन नदीचं वरचं खोरं. उत्तरेला बर्नचे आल्प्स, दक्षिणेला इटलीच्या सीमेवरचे पेनाइन आल्प्स. दोन्हीकडून येणारे ढग डोंगरांच्या माथ्यावरच रिते होतात आणि मध्ये कोरडी पट्टी राहते. सियों या मुख्य गावी वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. नदी ब्रीगपासून मार्तिन्यीपर्यंत साधारण पूर्व-पश्चिम वाहते, त्यामुळे उत्तर काठावरची, दक्षिणेकडे तोंड असलेली उतरण दिवसभर सूर्यासमोर असते आणि बहुतेक मळे तिथेच आहेत, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर. पाणी वरच्या हिमनद्यांच्या ओढ्यांतून आणायचं. त्यासाठी मध्ययुगापासून कड्यांच्या अंगाने पाट काढले आहेत. काही ठिकाणी खडकात खुंट्या ठोकून त्यांवर लाकडी पन्हळी टेकवल्या आहेत. पाणीवाटपाच्या पाळ्या गावाने ठरवायच्या. युरोपातल्या अशा पारंपरिक सिंचनाला युनेस्कोने डिसेंबर २०२३मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

स्वित्झर्लंडच्या एकूण द्राक्षक्षेत्रापैकी जवळपास तिसरा हिस्सा या एका खोऱ्यात आहे. तरी आपल्याला स्विस वाइन ठाऊक नसते, कारण देशाबाहेर जाते ती एक-दोन टक्केच. शास्ला या पांढऱ्या द्राक्षाची फाँदाँ, पिनो न्वार आणि गामे मिसळून केलेली दोल, ही रोजची. खरं आकर्षण आहे ते पतीत आर्विन, कॉर्नालँ, उमान्य रूज, उमान्य ब्लाँश, रेझ, हायडा या मंडळींचं. पतीत आर्विन उशिरा पिकते, आम्लता टिकवून ठेवते आणि तिच्या वाइनला जिभेच्या टोकाशी चक्क खारट चव येते. हायडा फिस्परटर्मिनेन गावाच्या उतारावर सुमारे ११०० मीटर उंचीपर्यंत चढते. इतक्या उंचीवरचे मळे युरोपात फार थोडे.

वाण म्हणजे काय, इथूनच खरी गोष्ट सुरू होते. ज्वारीचा वाण बियाण्यातून पुढे जातो, द्राक्षाचा तसा नाही. द्राक्षाची बी रुजवली तर उगवणारी वेल आईसारखी नसते. पत्ते पिसून नवा डाव वाटावा तशी जनुकांची नवी मांडणी तिच्यात झालेली असते. म्हणून शेतकरी बी लावतच नाही. काडी लावतो, नाहीतर खुंटावर डोळा भरतो. याचा अर्थ असा की एखादा वाण जगभर लाखो वेलींवर असला, तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने ती एकच वेल आहे. कधीतरी, कुठेतरी, एका बीपासून ती उगवली, कुणाच्या तरी नजरेत भरली आणि तेव्हापासून काडीवर काडी लावत माणसाने तिला मरू दिलेलं नाही.

याचा पुरावा २०१९मध्ये हाती आला. फ्रान्समधल्या उत्खननांत सापडलेल्या २८ जुन्या द्राक्षबियांचा डीएनए वाचला गेला. त्यांतली एक बी ओर्लेयाँ शहरातली, सुमारे ९०० वर्षांपूर्वीची. तिचा डीएनए आजच्या साव्हान्याँ ब्लाँ या वाणाशी तंतोतंत जुळला. बी म्हणजे तर पुढची पिढी, मग ती आईशी कशी जुळेल, अशी शंका चाणाक्ष वाचकाला येईल. पण बीचं टणक कवच आईच्याच पेशींचं बनलेलं असतं. आतला गर्भ कधीच कुजून जातो, आईचं कवच मागे उरतं. साव्हान्याँ म्हणजेच फिस्परटर्मिनेनची हायडा. म्हणजे ओर्लेयाँमध्ये ९०० वर्षांपूर्वी कुणी तिचे मणी खाल्ले, तीच वेल आज व्हालेच्या उतारावर उभी आहे. हे रोमन नव्हे, पण सिद्ध आहे.

काडीने वाढवलेल्या वेलीतही एखाद्या डोळ्यात अचानक बदल होतो. आपल्याकडची उदाहरणं सगळ्या बागायतदारांना पाठ आहेत. थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळ्या दिसलेल्या वेली निवडून तासगाव भागातून तास-ए-गणेश आला आणि सोलापूरकडून लांबट मण्यांची सोनाका. पिनोचंही तसंच: काळी, करडी आणि पांढरी पिनो ही एकाच वेलीची रूपं. असा बदल जनुकसंचाच्या एखाद्या बारीकशा जागी असतो, त्यामुळे पुढे सांगतो त्या चाचणीत ती तिन्ही एकसारखीच दिसतात.

आता ती चाचणी. द्राक्षाच्या जनुकसंचात सुमारे ५० कोटी अक्षरं आहेत, १९ गुणसूत्रांवर पसरलेली. शाळेत शिकलेले ए, टी, जी, सी आठवा. काही ठिकाणी ही अक्षरं अडखळल्यासारखी तीच तीच येतात: जीए जीए जीए जीए. कुठे ती जोडी १२ वेळा येते, कुठे १९ वेळा. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. त्यामुळे प्रत्येक जागी प्रत्येक वाणाचे दोन आकडे मिळतात. समजा एका वेलीचे आकडे १२ आणि १९ आहेत. दुसरीचे १२ आणि १५, तिसरीचे १७ आणि १९. पहिली ही दुसरी-तिसरीची लेक असू शकते: एकीकडून १२ आला, दुसरीकडून १९. तिसरीचे आकडे १७ आणि २१ असते, तर ती आई नाही हे तिथेच ठरलं.

पण एका जागेवर जुळणं म्हणजे काहीच नाही. हिशेब करून पाहू. एखादी असंबंधित जोडी एका जागी निव्वळ योगायोगाने आईबाप म्हणून खपून जाण्याची शक्यता निम्मी धरू. दहा जागा तपासल्या तर ती १०२४ मध्ये एक होते. पुष्कळ वाटतं ना? पण संग्रहात ३०० वाण असतील तर त्यांच्या जोड्या होतात ४४,८५०. म्हणजे ४०-४५ खोटे आईबाप गाळणीतून खाली येणारच. जागा ३२ केल्या, की शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक एवढी उरते आणि योगायोग बाद होतो. या विद्येची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. १९९७मध्ये जॉन बॉवर्स आणि कॅरल मेरेडिथ यांनी काबर्ने सोव्हिन्याँ हे काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांचं मूल असल्याचं दाखवलं. व्हालेच्या वाणांवर हे काम करणारं मुख्य नाव म्हणजे जोझे व्हुयामोझ. ते स्वतः त्याच खोऱ्यातले.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे दिशेचा प्रश्न. दोन वाणांचा प्रत्येक जागी निदान एक आकडा सारखा आला, तर त्यांच्यात आई-मुलाचं नातं आहे एवढं कळतं. पण आई कोण आणि मूल कोण? आकडे याबद्दल गप्प असतात, कारण नातं दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. पिनो आणि साव्हान्याँ यांच्यात असंच नातं आहे आणि नुसत्या या आकड्यांवरून त्यांत थोरलं कोण ते ठरत नाही. त्यासाठी तिसरी वेल सापडावी लागते.

व्हालेच्या लाल वाणांत ती सापडली. कॉर्नालँ हा तिथला अभिमानाचा वाण. त्याचं जुनं नाव रूज द्यू पेई, कॉर्नालँ हे नाव १९७२मधलं. या वाणाचे सगळे आकडे दोन वाणांत बरोबर वाटले गेले: पती रूज आणि मायोले. हे दोन्ही वाण व्हालेचे नाहीत, डोंगरापलीकडच्या इटलीतल्या आओस्ता खोऱ्याचे आहेत. मध्ये २४६९ मीटर उंचीची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड, जिच्यावरून शतकानुशतकं व्यापारी आणि यात्रेकरू जात-येत राहिले. ‘अस्सल व्हालेच्या’ लाल द्राक्षाचे आईबाप दोघेही खिंडीपलीकडचे निघाले.

आता उमान्य रूज. त्याचा प्रत्येक जागी एक आकडा कॉर्नालँशी जुळतो. म्हणजे तो कॉर्नालँचा आई, बाप किंवा मूल. पण कॉर्नालँचे आईबाप तर दोघेही सापडलेले आहेत आणि उमान्य रूज त्या दोघांपैकी कोणीही नाही. मग उरलं एकच: तो मूल आहे. कागदपत्र नाही, साक्षीदार नाही, तरी दिशा ठरली. या एका निष्कर्षासाठी मी ते सगळे आकड्यांचे तक्ते पुन्हा वाचायला तयार आहे. आणखी एक गाठ अशी की आओस्तावाले ज्याला कॉर्नालँ म्हणतात तो व्हालेचा उमान्य रूज आहे, व्हालेचा कॉर्नालँ नव्हे. आणि पांढऱ्या उमान्य ब्लाँशशी उमान्य रूजचं काहीच नातं नाही.

दोघांपैकी आई कोण हेही काही वेळा कळतं. हरितलवकांना स्वतःचा वेगळा, छोटा डीएनए असतो आणि द्राक्षात तो फक्त आईकडून येतो. त्या वाटेने गुए ब्लाँ या वाणाचं भाग्य उजळलं. गुए म्हणजे भरपूर पिकणारं, आंबट, हलक्या प्रतीचं समजलं जाणारं द्राक्ष. मोठ्या मळेवाल्यांनी त्याला कायम नाक मुरडलं. १९९९मध्ये कळलं की शार्दोने आणि गामे धरून ईशान्य फ्रान्समधले १६ वाण ही पिनो आणि गुए यांची मुलं आहेत. पुढे हरितलवकांनी सांगितलं की शार्दोने आणि गामे यांची आई गुए आहे. वरच्या व्हालेत ग्वेस नावाने ती आजही थोडीशी लावतात. दोलच्या बाटलीत पिनो आणि गामे असतात, म्हणजे बाप आणि लेक एकत्र. आई त्याच खोऱ्यात, थोडी वर.

मग रोमनांचं काय? १३१३ सालच्या व्हालेतल्या एका दप्तरात उमान्य आणि रेझ यांची नावं आहेत, तेव्हा सातशे वर्षांचा लेखी पुरावा पक्का. रेझ म्हणजे थोरला प्लिनी या रोमन लेखकाने वर्णिलेलं रायतिका द्राक्ष, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. डीएनए सांगतो ते वेगळंच आहे: रेझचं आई-मुलाचं नातं इटलीतल्या त्रेंतिनोच्या नोसिओलाशी आहे. प्लिनीच्या वेलीचा एकही तुकडा तुलनेला नाही, तोवर उरलेलं सगळं गोष्टी सांगण्यात जमा. आपल्याकडेही ‘शुद्ध गावठी’ म्हटलं की प्रश्न संपले असं मानणारे खूप आहेत. त्यांनी कॉर्नालँच्या आईबापांकडे एकदा पाहावं. वाण चांगला आहे तो दोन खोऱ्यांतल्या येण्याजाण्यामुळे.

उमान्य ब्लाँशबद्दल आणखी एक समज आहे: तिच्यात लोह भरपूर, म्हणून ती बाळंतिणीला द्यायची. याला आधार नाही. अल्कोहोल आईच्या दुधात उतरतं, त्यामुळे हा सल्ला उलट घातकच. लाल वाइन हृदयाला चांगली, हेही आता सोडून द्यावं. अल्कोहोलचं सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे. द्राक्षाच्या वंशावळीचं कौतुक करायला पेला लागत नाही.

पतीत आर्विनचे आईबाप मात्र अजून मिळालेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातले मळे उद्ध्वस्त केले. मग पुन्हा लागवड करताना चलतीचे वाण घेतले गेले आणि कित्येक जुने वाण नोंद होण्याआधीच नाहीसे झाले. आर्विनचे आईबाप त्यांत गेले असावेत, अशी शक्यता मोठी आहे.

वंशावळ उलट्या दिशेनेही वापरता येते. आग्रोस्कोप या स्विस सरकारी संशोधन संस्थेने गामे आणि रायशेनस्टाइनर यांच्या संकरातून १९७०मध्ये गामारे काढला. पुढे १९९६मध्ये गामारेचा ब्रोनर या रोगप्रतिकारक वाणाशी संकर केला, त्यातून दिव्हिको आला. गामेमुळे त्याच्या आजी-पणजींत गुए आहेच. शिवाय ब्रोनरच्या पूर्वजांत रीसलिंग आहे आणि रीसलिंगची एक बाजूही गुएचीच. रोगाशी झुंजण्याची ताकद मात्र ब्रोनरच्या अमेरिकी आणि आशियाई रानवेलींकडून आली. नाशिकच्या बागायतदाराला केवडा आणि भुरी यांच्या फवारण्यांवर किती पैसा जातो हे सांगायला नको. दिव्हिकोला त्या फारच कमी लागतात. आता द्राक्षपैदासकार हजारो बिया पेरतात आणि रोपाला चार पानं फुटली की पानाच्या तुकड्यातला डीएनए पाहतात. केवड्याला आणि भुरीला तोंड देणारी जनुकं उतरली नसतील तर ते रोप तिथेच उपटतात, पहिला घड येईपर्यंत तीन-चार वर्षं थांबत नाहीत.