‘आयदर’ आला की ‘ऑर’ हवाच: इंग्रजीतल्या जोड्यांची पूर्वपीठिका

‘ऑल्दो’ने वाक्य सुरू केलं की मराठी माणूस मध्यावर हमखास ‘बट’ घालतो आणि वहीत लाल रेघ ओढली जाते. चूक कुठून येते ते उघड आहे. आपल्याकडे ‘जरी’ आला की ‘तरी’ आल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो, जितका-तितका अशा जोड्यांवरच आपलं वाक्य उभं राहतं. इंग्रजीला ही सवय नाही, असं आपण समजतो. पण हजार वर्षांपूर्वी इंग्रजीलाही ती होती.

त्या काळच्या इंग्रजीत ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ या दोन्हींना एकच शब्द होता, ‘था’. वाक्यात तो दोनदा यायचा. मग जेव्हाचा कोणता आणि तेव्हाचा कोणता? सहसा क्रियापदाच्या जागेवरून कळायचं. ‘था’च्या पाठोपाठ क्रियापद आलं तर तो ‘तेव्हा’, क्रियापद लांब शेवटाकडे गेलं तर तो ‘जेव्हा’. पुढे शब्दक्रम बदलत गेला, ‘व्हेन’ पुढे आला आणि ही जोडी विस्कटली.

तशीच एक जोडी मात्र अजून आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि ओळखू येत नाही: ‘द मोअर, द बेटर’. यातला ‘द’ नेहमीचा ‘द’ नव्हे. तो जुन्या दर्शक सर्वनामाचं करण विभक्तीतलं रूप आहे, म्हणजे चक्क तृतीया. ‘जेवढ्याने जास्त, तेवढ्याने बरं.’ विभक्तीचा प्रत्यय झिजून गेला, जोडी राहिली. मला इंग्रजीतली ही सगळ्यात मराठी रचना वाटते.

‘जरी-तरी’चंही तसंच. १६११ च्या इंग्रजी बायबलात ईयोब, संकटांतही देवावरचा विश्वास न सोडणारा माणूस, म्हणतो, ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम’. त्याने मला मारलं तरी माझा भरवसा त्याच्यावरच. ‘दो-येट’ आजही चालतं. ‘बट’ चालत नाही, कारण ‘बट’ दोन बरोबरीची वाक्यं जोडतो आणि ‘दो’ने आधीच एका वाक्याला दुय्यम करून ठेवलेलं असतं.

‘आयदर’ची गोष्ट जरा गमतीची आहे. त्याचा मूळ अर्थ ‘दोन्हीपैकी प्रत्येक’. ‘ऑन आयदर साइड’ म्हणजे दोन्ही बाजूंना, हा अर्थ अजून शिल्लक आहे. ‘दोहोंपैकी एक’ हा अर्थ साधारण १३०० च्या सुमारास रुळू लागला. ‘नायदर’ आणि ‘नॉर’ तर एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं, एक भरलेलं, एक झिजलेलं. या घराण्याचा मूळ पुरुष ‘वेदर’, म्हणजे ‘दोहोंपैकी कोणता’. तीन गोष्टींसाठी ‘आयदर’ वापरला की जुने वैयाकरण नाक मुरडायचे ते या ‘दोन’मुळे. ‘बोथ’ मात्र बाहेरचा, व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आलेला. ‘दे’ हे सर्वनामही त्यांचंच.

जोडीच्या दोन्ही अंगांना सारखाच तुकडा हवा, हा परीक्षेतला लाडका नियम. त्याच बायबलातलं, कुणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही हे सांगणारं वचन बघा: ‘आयदर ही विल हेट द वन’ आणि पुढे ‘ऑर एल्स ही विल होल्ड टू द वन’. ‘आयदर’नंतर कर्त्यासकट पूर्ण वाक्य आलं, म्हणून ‘ऑर’नंतरही ‘ही विल’ पुन्हा आलं. ‘आयदर’ एक घर पुढे सरकवून ‘ही विल आयदर हेट’ म्हटलं असतं, तर ‘ऑर’नंतर नुसतं क्रियापद पुरलं असतं.

सर्वनामांचा गोंधळ वेगळ्या वाटेने आला. नामांच्या विभक्ती मध्ययुगात जवळजवळ सगळ्या गळाल्या. ‘आय’ आणि ‘मी’, ‘ही’ आणि ‘हिम’ असा कर्ता-कर्माचा भेद फक्त सर्वनामांत उरला. (इंग्रजीतला ‘मी’ कर्म आणि आपला ‘मी’ कर्ता, हा आपल्यासाठी आणखी एक ताप.) तिथेही पडझड झालीच. ‘ये’ कर्ता आणि ‘यू’ कर्म असा भेद होता. सोळाव्या शतकात तो ढासळला आणि ‘यू’ने दोन्ही जागा घेतल्या. जुन्या हिशेबाने प्रत्येक ‘यू आर’ चूकच!

‘बिट्वीन यू अँड आय’ ही आज ढोबळ चूक मानतात (‘बिट्वीन’नंतर कर्माचं रूप ‘मी’ हवं), पण शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रात ती आहे. मुलांना ‘मी’बद्दल टोकून टोकून ती धास्तीने ‘आय’ म्हणू लागली, हे स्पष्टीकरण नेहमी देतात. शेक्सपिअरच्या काळात मात्र इंग्रजी व्याकरणाची तशी शिकवणीच नव्हती. ती आली अठराव्या शतकात. रॉबर्ट लाउथचं व्याकरण १७६२ चं, लिंडली मरेचं १७९५ चं. या मंडळींच्या नजरेसमोर व्याकरणाचा नमुना होता लॅटिन. ‘असणे’ या क्रियापदानंतर लॅटिनमध्ये प्रथमा येते, म्हणून ‘इट इज आय’ शुद्ध ठरलं. लोक ‘इट इज मी’ म्हणतच राहिले.

‘एव्हरीवन’नंतर ‘देअर’ की ‘हिज’, हा वादही याच काळातला. एकट्या माणसासाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून लिहिलं जात होतं. व्याकरणांनी ‘ही’ पुढे केला आणि १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांपुरतं ठरवून टाकलं की पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात. २०१९ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमावलीने एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली, तेव्हा अनेकांना भाषा बुडाल्यासारखी वाटली. अनेकवचन एकाला लावणं नवं नव्हतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जॉर्ज फॉक्सने १६६० मध्ये सहकाऱ्यांसह एक पुस्तकच काढलं होतं. तक्रार अशी, की एका माणसाला ‘दाऊ’ हे जुनं एकवचन म्हणायचं सोडून लोक ‘यू’ हे अनेकवचन म्हणतात.