पुलाखालची रेती किती जाणार? कालव्यावरून आलेल्या एका फॉर्म्युल्याची गोष्ट

पूर आला की आपण सगळे बघतो ते पाणी कुठपर्यंत चढलं ते, नागपूरजवळ कामठीला कन्हान नदीच्या पुलावर तर पावसाळ्यात पब्लिक गाड्या लावून बघत असते, पण पूल जातो तो बहुतेक वेळा वरून नाही, खालून जातो. डेकला, म्हणजे वरच्या रस्त्याला, पाण्याचा थेंब लागला नाही आणि तरी पिअर, म्हणजे नदीतला खांब, कलला असं जगात भरपूर ठिकाणी झालंय. अमेरिकेत १९५० नंतर पडलेल्या आठशेच्या वर पुलांचा हिशोब काढला तेव्हा साधारण ६० टक्के पूल पाण्यामुळे आणि पायाखालची रेती निघून गेल्यामुळे गेले होते. साइटवरची माणसं याला स्कावर म्हणतात.

होतं काय, की धावतं पाणी पिअरच्या नाकावर, म्हणजे समोरच्या कडेवर, आदळतं, समोर जागा नाही म्हणून खाली वळतं, तळ खरवडतं आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा करत दोन्ही बाजूंनी मागे निघून जातं. खड्डा सगळ्यात खोल असतो तो ऐन पुरात, म्हणजे नेमका जेव्हा तिथे कोणी जाऊच शकत नाही तेव्हा. पाणी उतरायला लागलं की वरून वाहत येणारी रेतीच तो खड्डा परत भरून टाकते, मग चार दिवसांनी साहेब लोक पाहणीला येतात, तळ सपाट दिसतो, सब ठीक है. पण ती रेती नुसती येऊन पडलेली असते, भुसभुशीत, तिच्यावर पायाने भरोसा ठेवावा असं तिच्यात काही नसतं. म्हणून खड्डा किती होईल हे पूल बांधायच्या आधीच कागदावर काढावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे, कारण आपल्याकडे हा आकडा ज्या फॉर्म्युल्याने काढतात तो मुळात पुलासाठी बनलेलाच नव्हता.

तो आला पंजाबातून, कालव्यांवरून. इंग्रजांनी तिकडे मोठमोठे कालवे काढले आणि ते गाळाने भरायला लागले, किंवा उलट स्वतःचाच तळ खात सुटले. १८९५ मध्ये केनेडी नावाच्या इंजिनिअरने अप्पर बारी दोआब कालव्यावर मोजमापं घेऊन सांगितलं की अमुक खोलीला अमुक वेग ठेवला तर गाळ बसतही नाही आणि तळ खरवडतही नाही. मग १९३० मध्ये जेराल्ड लेसीने असा बराच डेटा एकत्र करून अख्खी थिअरी मांडली, की पाण्याला मोकळं सोडलं तर ते स्वतःची रुंदी, खोली, उतार स्वतःच ठरवतं, आणि ती खोली दोनच गोष्टींवर अवलंबून, किती पाणी आणि कसली रेती. रेतीसाठी त्याने सिल्ट फॅक्टर दिला, कणाच्या मिलिमीटरमधल्या जाडीचं वर्गमूळ गुणिले १.७६, बस.

कालव्यावरून हे पुलावर आणलं ते क्लॉड इंग्लिस यांनी, आणि यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा हात आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. पुण्याजवळ खडकवासल्याला जे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे त्याची सुरुवात १९१६ ची, मुंबई इलाख्याची. इंग्लिस तिथले प्रमुख होते. पद्मा नदीवरच्या हार्डिंज पुलाच्या पिअरचं मॉडेल तिथे पाण्यात ठेवून प्रयोग झाले, आणि देशातल्या १७ पुलांची खरी मोजमापं लेसीच्या खोलीशी लावून बघितली तर पिअरजवळचा खड्डा पूररेषेपासून मोजला तर साधारण लेसीच्या खोलीच्या दुप्पट निघत होता. १९४९ मध्ये हे सगळं छापून आलं. तो ‘दुप्पट’ आजही आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोडमध्ये, म्हणजे पूल बांधायच्या नियमांत, बसलेला आहे, पिअरला २, अबटमेंटला (काठावरच्या टोकाच्या भिंतीला) १.२७.

आता जरा हिशोब करून बघू. पुरात नदीच्या दर मीटर रुंदीला १० क्युमेक (सेकंदाला १० घनमीटर) पाणी, बारीक रेती, सिल्ट फॅक्टर १. कोडप्रमाणे सरासरी खोली येते ६.२ मीटर, पिअरला त्याच्या दुप्पट, म्हणजे पूररेषेपासून खाली १२.४ मीटर. रेती १ मिलिमीटरची जाडी घेतली तर १०.३. आता सांगा, पिअर दीड मीटर रुंद की चार मीटर? फॉर्म्युल्याला काही फरक पडत नाही, तो विचारतच नाही! नाक गोल आहे का चौकोनी, पाणी सरळ येतंय का तिरपं, हेही नाही. ज्या भोवऱ्यामुळे खड्डा होतो तो पिअरच्या रुंदीवरच वाढतो, आणि तीच गोष्ट हिशोबात नाही. बारीक रेतीच्या मोठ्या नद्यांवर हे चालून गेलं कारण ती १७ मोजमापंही तसल्याच पुलांची होती. कोडवाल्यांना हे कळत नाही असं नाही, लहान खोऱ्यात पायासाठी डिस्चार्ज, म्हणजे पुराचं पाणी, ३० टक्क्यांपर्यंत वाढवून घ्यायचा आणि खड्ड्याच्या खाली अजून एक तृतीयांश पाया न्यायचा, ही काळजी त्यात आहेच. पण अज्ञानावर जाड गोधडी टाकणं वेगळं आणि ते कमी करणं वेगळं, हे माझं मत.

बाहेर लोकांनी पिअर धरूनच सुरुवात केली. १९५६ मध्ये आयोवात लॉरसन आणि टोच यांनी काम छापलं, मग प्रयोगशाळांमधून एकामागून एक सूत्रं निघाली, आपल्या रुरकीच्या कोठ्यारी, गर्दे आणि रंगा राजू यांचंही १९९२ चं काम त्यात मानाने घेतलं जातं. पण सरकार हललं ते माणसं मेल्यावर. ५ एप्रिल १९८७ ला न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकचा पूल पुरात कोसळला, १० जण गेले, पाया उथळ होता आणि भोवतीचे संरक्षणाचे दगड आधीच वाहून गेले होते. दोन वर्षांनी टेनेसीत हॅची नदीचा पूल, ८ जण. त्यानंतर तिकडे प्रत्येक पुलाची स्कावरसाठी तपासणी सक्तीची झाली आणि १९९१ मध्ये नवं मॅन्युअल आलं, त्यात पिअरची रुंदी, नाकाचा आकार, पाण्याचा कोन सगळं. ढोबळ नियम असा की गोल नाकाच्या पिअरला खड्डा रुंदीच्या २.४ पटीच्या वर सहसा जात नाही, पाणी फारच उसळतं असेल तर ३ पट. दीड मीटरच्या पिअरला ३.६ मीटर, चारच्या पिअरला ९.६, आणि हे पूररेषेपासून नाही, तळापासून खाली. हल्ली कॉम्प्युटरला डेटावरून शिकवायचं, न्यूरल नेटवर्क वगैरे लावून अंदाज काढणारे पेपर ढिगाने निघतात, पण त्यांना शिकवायचा डेटा बहुतेक प्रयोगशाळेतल्या काचेच्या पाटातला, फ्ल्यूममधला, खऱ्या पुरातला फार थोडा.

मग नागपूरचं काय? आपलं शहर बरोबर दोन दगडांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेला काळा पाषाण, दख्खनचा ट्रॅप, पूर्वेला आणि उत्तरेला नाइस नावाचा जुना पट्टेदार खडक आणि कामठीचा वालुकाश्म, ज्या थरांना जगभर कामठीचंच नाव आहे. पश्चिमेकडे पाया पाषाणात गेला की लेसीचं काम संपतं, कोड म्हणतो कठीण खडकात ०.६ मीटर घुसा, मऊ असेल तर १.५. कन्हानला मात्र रेती, तीही जाड. बिना गावाजवळ कोलार आणि पेंच या नद्या तिला मिळतात आणि वर पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडले की पाणी एकदम येतं. ऑगस्ट २०२० च्या पुरात पारशिवनी तालुक्यातला पेंचवरचा सालई-माहुली पूल गेला तो असाच विसर्ग चालू असताना. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीच्या संरक्षक भिंती जागोजागी ढासळल्या, तिथे तर रेतीची मोठी नदीही नव्हती.

आणि कन्हानचा अजून एक हिशोब कोणत्याच जुन्या सूत्रात नाही. तिची रेती पार लांबलांबच्या बांधकामांवर जाते, घाटावरून ट्रकच्या ट्रक भरून. तळच दोन मीटर खाली गेला तर ड्रॉइंगवरची बेड लेव्हल आता राहिलेलीच नाही, म्हणजे पूर यायच्या आधीच पायाने दोन मीटर पकड गमावलेली असते, आणि खड्डा त्याच्या खालून सुरू होतो. हे बघायला ना न्यूरल नेटवर्क लागतं ना आवाजाने खोली मोजणारं भारी सोनार यंत्र, मे महिन्यात नदी आटली की पिअरपाशी लेव्हल घ्यायची आणि पूल बांधतानाच्या लेव्हलशी ताडून बघायची, दरवर्षी, त्याच जागी.