बळीचे राज्य

दैत्यराज बळीच्या राज्यात प्रजा सुखी होती आणि ते राज्य पुन्हा येईल, ही लोकधारणा. एकोणिसाव्या शतकापासून समतेचा समाज मागणाऱ्या चळवळींनी हीच धारणा आपल्या ध्येयाचे नाव म्हणून उचलली. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' हे ओवाळतानाचे शब्द सर्वपरिचित आहेत.

वामनरूपी विष्णूने तीन पावले भूमी मागून बळीला बांधले आणि पाताळात घातले, या कथेचा उगम वादग्रस्त आहे. ऋग्वेदात विष्णूची तीन पावले आहेत. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात विष्णू वामन होतो आणि असुरांकडून भूमी मिळवली जाते. बळीचे नाव मात्र दोन्हीकडे नाही. वामनाशी त्याची सांगड बहुधा नंतर घातली गेली असावी. सामान्यतः इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात 'बलिं बन्धयति' (बळीला बांधवतो) असा प्रयोग येतो. बळी बांधला गेला त्याला युगे लोटली, मग क्रियापद वर्तमानकाळी कसे, अशी शंका तेथे काढली आहे; प्रसंग करून दाखवणारे, चित्रे दाखवणारे आणि कथा सांगणारे यांच्याकडे बोट दाखवून तिचे निरसन केले आहे. हे नाट्य होते की केवळ कथन, यावर अभ्यासकांत एकमत नाही. बळीची हार तेव्हाही लोकांसमोर पुन्हा पुन्हा घडवली जात होती, एवढे त्यावरून धरता येते.

त्याच्या राज्याची आठवणही टिकली. इ.स. १०३०च्या सुमारास अल्बेरुनी या मुस्लिम विद्वानाने दिवाळीचे वर्णन करताना लिहिले, की या दिवशी लक्ष्मी विरोचनपुत्र बळीला बंधनातून सोडवते, म्हणून त्या दिवसाला 'बलिराज्य' म्हणतात. कृतयुगातील सुखाच्या काळासारखा हा दिवस असल्याने लोक आनंद करतात. बलिप्रतिपदेला (कार्तिक शुद्ध १) पंचरंगी रांगोळीने बळी व राणी विंध्यावली यांचे चित्र काढून पुजावे, असे धर्मशास्त्रग्रंथ सांगतात. जिंकलेल्या राजाची पूजा जिंकणाऱ्यांच्याच ग्रंथांत यावी, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे.

या आठवणीला चळवळीचा अर्थ दिला तो जोतीराव फुले यांनी. 'गुलामगिरी' (१८७३) या संवादरूप ग्रंथात बळी हा आर्यपूर्व शेतकरी-लढवय्यांचा न्यायी राजा आहे आणि वामन हा आक्रमक. खंडोबा, म्हसोबा ही दैवते म्हणजे बळीचे अधिकारी. 'म्हसोबा' हे 'महासुभा'चे रूप, असे ते मांडतात. येशू ख्रिस्तालाही ते बळी म्हणतात. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होण्याजोग्या नाहीत. पण केवळ त्या तपासून ग्रंथ बाजूला ठेवणाऱ्यांच्या हातून मुख्य गोष्टच निसटते. जे राज्य एकदा होते ते पुन्हा आणता येते. दास्य जन्माने आलेले नाही, लादलेले आहे, हे सांगण्यासाठी फुल्यांना भूतकाळ हवा होता. 'येवो' हे क्रियापद भविष्याकडे पाहते. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांनी २००८च्या ग्रंथात संत रविदासांच्या दुःखरहित, करमुक्त अशा बेगमपुरा या कल्पित नगरीपासून निघणाऱ्या जातिविरोधी स्वप्नांच्या परंपरेत फुल्यांना बसवले. हे वाचन अधिक पटते. फुल्यांच्या निधनानंतर १८९१मध्ये निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त हे स्वप्न एका घरात उतरते: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी महंमदी, मुलगा सत्यधर्मी, आणि चौघेही एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली नांदतात.

केरळात ओणमला महाबली प्रजेच्या भेटीस येतो. माणसे सारी सारखी, खोटे नाही, फसवणूक नाही, असे त्याच्या राज्याचे वर्णन तेथील लोकगीतात आहे. त्या गीताचा काळ निश्चित नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने हीच हाक शेतमालाच्या रास्त भावाशी जोडली. संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे केला. ओवाळणारीचे नाव अशा रीतीने सातबाऱ्यावर आले. 'बळीराजा' हा शब्द आता शेतकरी या अर्थी रूढ आहे.