नदीच्या तपासणीत नागरिक कसे आले

नदीचं पाणी तपासणं हे दीर्घकाळ प्रयोगशाळेचंच काम होतं. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची पद्धत १८८८ सालची. पुढे सांडपाण्यासाठी नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनने पाच दिवसांची बीओडी चाचणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो ते मोजणारी चाचणी, रूढ केली. दोन्हींना रसायनं लागतात आणि सरावलेला हात लागतो.

सामान्य माणसाला वाट सापडली ती किड्यांमुळे. कोणते जीव किती घाण पाण्यात तग धरतात, याची प्रतवारी जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये मांडली होती. बाटलीत भरलेला नमुना त्या घटकेपुरतंच सांगतो. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं. तळाच्या दगडांना चिकटून महिनोन् महिने राहणाऱ्या अळ्यांना मात्र ते सगळं सोसावं लागतं. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या स्वच्छ पाण्यातच टिकणाऱ्या कीटकांच्या अळ्या नाहीशा होऊन नुसते गांडुळासारखे किडे उरले, तर काहीतरी बिघडलंय हे जाळी आणि भिंग घेऊन बसलेल्या शाळकरी मुलालाही कळतं.

याच आधारावर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये ओहायोतल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला होता, आणि नद्यांची दशा हा देशभर चर्चेचा विषय झाला. १९७२ मध्ये तिथे स्वच्छ पाण्याचा कायदा आला.

खरी अडचण पुढेच होती. स्वयंसेवकांचे आकडे सरकारदरबारी ग्राह्य धरायचे का? शंका रास्त होती, आणि तिला सर्वांत चांगलं उत्तर व्हर्जिनियातून मिळालं असं मला वाटतं. तिथल्या संशोधकांनी स्वयंसेवकांची पद्धत तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडला: जुन्या पद्धतीत ओढे प्रत्यक्षात असतात त्यापेक्षा निरोगी दिसत होते. दोष माणसांचा नव्हता. कोणता किडा सापडला एवढंच त्या पद्धतीत नोंदवलं जाई, त्यामुळे एखाददुसऱ्या संवेदनशील अळीलाही शेकडो अळ्यांइतकंच वजन मिळे. प्रत्येक प्रकारचे किडे मोजून त्यांचं प्रमाण काढायला सुरुवात केल्यावर स्वयंसेवकांचे निष्कर्ष तज्ज्ञांच्या निष्कर्षांशी चांगले जुळू लागले. लोकांना बाजूला सारण्याऐवजी पद्धत सुधारली, हे फार मोलाचं झालं.

ब्रिटनमध्ये हे काम गळ टाकणाऱ्या मासेमारांनी उचललं. २००७ पासून तिथे ठरलेल्या जागी तीन मिनिटं तळ ढवळून आठ गटांतले जीव मोजले जातात. गुणसंख्या ठरावीक पातळीखाली घसरली की पर्यावरण खात्याला कळवायचं. जुलै २०१३ मध्ये मार्लबरोजवळ केनेट नदीत स्वयंसेवकांना किडे मेलेले आढळले. खात्याच्या तपासणीत क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक निघालं. सांडपाणी केंद्रातून ते नदीत उतरलं होतं. सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातले कीटक त्याने मारले होते. नियमित मोजणी नसती, तर हे वेळेवर कळलंही नसतं.

अलीकडे रोख जिवाणूंकडे वळला आहे. यॉर्कशरमधल्या इल्कली गावच्या रहिवाशांनी व्हार्फ नदीचे नमुने घेऊन मैल्यातल्या जिवाणूंचं प्रमाण दाखवून दिलं आणि नदीला स्नानासाठीच्या पाण्याचा दर्जा मागितला. डिसेंबर २०२० मध्ये तो मंजूर झाला. त्यामुळे सरकारला तिथे नियमित तपासणी करणं बंधनकारक झालं, आणि पुढच्याच वर्षी सरकारी नमुन्यांवरून त्या पाण्याला ‘निकृष्ट’ ही श्रेणी मिळाली.