स्मार्ट मीटर बसण्याआधी घरातला न्यूट्रल तपासून घ्या

स्मार्ट टीओडी मीटर, म्हणजे वीज केव्हा वापरली तेही नोंदवणारा मीटर, बसवून घ्यावा की टाळावा, असे महावितरणचे बरेच ग्राहक आम्हाला विचारतात. ज्या घरी दिवसा वीज वापरली जाते, तिथे या मीटरचा फायदा आहे. पण वायरिंग जुने असेल किंवा त्यात मागाहून जोडकाम झाले असेल, तर मीटर बदलण्याआधी ते तपासून घ्या. बिल फुगण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

आधी पैशांचे. मीटरची किंमत ग्राहकाकडून घेतली जात नाही. सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यामुळे बिल पूर्वीसारखेच महिन्याने येते. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. जुना मीटर किती युनिट जळले ते सांगतो, केव्हा जळले ते सांगत नाही, म्हणून ही सवलत स्मार्ट मीटरवरच मिळते.

दिवसाला १.२ युनिट घेणाऱ्या फ्रिजचा साधारण तिसरा हिस्सा आपोआप या वेळेत येतो. महिन्याची बचत दहा रुपयांच्याही आत. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, दुपारचा एसी मिळून रोज ३ युनिट या वेळेत आणलेत, तर ९० युनिटांवर ७२ रुपये वाचतात. घरातले सगळे नऊच्या आत बाहेर पडत असतील, तर फार आशा ठेवू नका. सकाळी सातचा गिझर सवलतीत बसत नाही.

बिल अचानक का वाढते

घरात अजून फिरत्या चकतीचा मीटर असेल, तर तो झिजून मंद झालेला असू शकतो. सेट-टॉप बॉक्स, राउटर यांचा बारीक भार त्यातून निसटतो. नवा मीटर तो मोजतो. चोवीस तास १० वॅट म्हणजे महिन्याला ७.२ युनिट.

मोठी गडबड न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची असते. सिंगल फेज मीटर फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्ही तारांतला करंट पाहतो आणि दोन्हींत फरक असेल तर जास्त करंट धरून युनिट मोजतो. वीजचोरी पकडण्यासाठी केलेली ही सोय चुकीच्या वायरिंगलाही लागू होते. जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा दिलेला असेल, तर तोच दिवा दोन्ही मीटरांवर चढतो. इन्व्हर्टर बसवताना किंवा एका घराचे दोन भाग करताना न्यूट्रल एकमेकांत मिसळले गेले, तरी हेच होते.

तपासणी सोपी आहे. मेन स्विच चालू ठेवून घरातले सगळे एमसीबी (बोर्डावरचे छोटे सर्किट ब्रेकर) पाडा आणि मीटरवरचा पल्सचा, म्हणजे वापर मोजताना लुकलुकणारा, लाल दिवा पाच मिनिटे पाहा. तो बंद किंवा स्थिर राहिला पाहिजे. लुकलुकत असेल, तर दुसऱ्याचा करंट बहुधा तुमच्या न्यूट्रलमधून जातो आहे. आता दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करा. लुकलुकणे थांबले तर दोष घरात आहे. थांबले नाही तर मीटर ते मेन स्विच यांमध्ये. याची खात्री वायरमन क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या यंत्राने करतो: फेज आणि न्यूट्रल एकत्र क्लॅम्पमध्ये धरले की आकडा शून्य यायला हवा. न्यूट्रल वेगळे करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (दोन तारांतल्या करंटमध्ये फरक पडताच वीज तोडणारा स्विच) बसवा. आरसीसीबी लावताच पडू लागला, तर तो खराब आहे असे समजून काढून टाकू नका. तो हाच दोष दाखवतो आहे.

मीटर पळतो आहे असे वाटले, तर बाकी सगळे बंद करून १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड पाण्यात बुडवून ६ मिनिटे लावा. मीटरवर प्रति युनिट १६०० पल्स छापले असतील, तर सुमारे १६० लुकलुक मोजल्या जातील. व्होल्टेज २३० ऐवजी २१० असले तर १३०-१३५ येतील. तेही बरोबरच आहे.

बसवण्याच्या दिवशी

जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग आणि क्रमांक, तसेच नव्याचे सुरुवातीचे रीडिंग यांचे फोटो काढा. टर्मिनलचे स्क्रू समोर घट्ट करून घ्या. ॲल्युमिनियमची तार सैल राहिली की तापते आणि टर्मिनल जळते. गिझर लावताच दिवे मंद होऊ लागले, तर १९१२ वर कळवा. सील स्वतः तोडू नका.

हा मीटर दुरूनच बंद करता येतो, ही भीती रास्त आहे. पण थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस देणे विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार बंधनकारक आहे. दिवसभराच्या वापराच्या नोंदींवरून घर केव्हा रिकामे असते तेही कळते, म्हणून या नोंदी दाखवणाऱ्या ॲपचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका.

रीडिंग पटत नसेल, तर लेखी तक्रार करून पडताळणीसाठी जादा मीटर मागा. २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार तो तक्रार मिळाल्यापासून ५ दिवसांत बसवून किमान ३ महिने वापर ताडून पाहावा लागतो. तक्रारीची तारखेसह पोच मात्र घ्याच, कारण ते ५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.