रद्दीचा कागद आणि ‘अ’ वर्गाची फाईल

सरकारी दप्तरात फाईलचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘ड’ जेमतेम वर्षभराचा. कोर्टकचेऱ्यांत पुनर्वापराचा कागदच सक्तीचा करा, अशी मागणी निघाली की मला हे वर्ग आठवतात. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. याचिका आली की प्रती आल्या, जोडपत्रं आली, त्यांच्याही प्रती आल्या.

‘रद्दीचा कागद टिकायचा नाही’ ही नेहमीची हरकत. ती अर्धीच खरी आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली चटई. लगदा करताना तंतू तुटतात. शिवाय एकदा वाळलेला तंतू पुन्हा पाण्यात पहिल्यासारखा फुगत नाही, त्यामुळे शेजारच्या तंतूशी त्याची पकड सैल पडते. साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर तो निकामी होतो. म्हणून कारखाने लगद्यात थोडा ताजा, लांब तंतू मिसळतात.

पण आजची ताकद वेगळी आणि शंभर वर्षं टिकणं वेगळं. कागदाचा खरा वैरी आम्ल. शाई पसरू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात कारखाने लगद्यात राळ आणि तुरटी घालू लागले. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं लिग्निन उरलं असेल तर उजेडाने कागद पिवळाही पडतो. मोडी कागदपत्रांचा जुना हातकागद मात्र चिंध्या, ताग असल्या मालाचा, वर खळ लावून घोटलेला. तो शतकं टिकला, आणि चिंध्या म्हणजे वापरून टाकलेलाच माल की!

टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पीएच (आम्लता सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल) ७.५ ते १०, पुढे येणारं आम्ल मारायला किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीचा साठा, नगण्य लिग्निन आणि फाटण्याला पुरेसा विरोध, एवढं ते मागतं. तंतू रद्दीतून आला म्हणून ते कागद नाकारत नाही.

तेव्हा नोटिसा, जादा प्रती, ‘ड’ वर्गाचा पत्रव्यवहार यांना सक्ती बिनधास्त लावावी. ‘अ’ वर्गासाठी निविदेत पीएच आणि लिग्निनची अट हवी. ती पाळून रद्दीचा कागद आला तर त्यालाही ना नसावी.

त्यासाठी उत्तम कच्चा माल कचेऱ्यांतच पडलेला असतो. पांढऱ्या कागदात लिग्निन जवळजवळ नसतंच. वर्तमानपत्राच्या रद्दीत ते भरपूर असतं. अडचण टोनरची. छापखान्याची शाई साबणाच्या फेसावर तरंगून निघते, फेस काढला की झालं. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे वितळून चिकटलेलं प्लास्टिक. त्याचे चपटे तुकडे सुटतात आणि बुडबुड्यांना नीट चिकटत नाहीत. लगदा गरम करून मळावा लागतो. खर्च वाढतो तो इथे.

आम्ल ओळखायला प्रयोगशाळाही लागत नाही. क्लोरोफिनॉल रेड या, आम्लाप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रव्याच्या पेनाने कागदावर रेघ ओढायची. जांभळी उमटली तर कागद आम्लधर्मी नाही. पिवळी उमटली तर तो गठ्ठा ‘अ’ वर्गाकडे पाठवू नये.